बाहेरून पाहिलेलं रुआँ

मुलांनो,

तुमची यादी मिळाली. फ्रान्समधल्या रुआँ शहरात एका दिवसात पाहण्यासारख्या दहा जागा, आणि खाली तुमचा प्रश्न: "आजी, तू जाऊन आली आहेस ना? यातल्या पाचच सांग, आम्हाला संध्याकाळी परत निघायचं आहे." पाच नावं मी दोन मिनिटांत कळवली असती. तशी लिहायला बसलेही होते. पण पहिलं नाव कागदावर उतरलं आणि चीफचा आवाज कानात आला, "बाई, नावं कसली सांगताय? चालायला लावा त्यांना." म्हणून हे लांबलचक पत्र. तुम्ही तिथे पाऊल टाकण्याआधी तुम्हाला चीफ माहीत असायला हवेत. ते मलाच सांगायला हवं, कारण तुमच्या आजोबांना विचाराल तर ते घड्याळाची गोष्ट सांगतील आणि हसत बसतील.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं आणि मला लिहायलाही. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतलं, आणि नोकरीभर शाळेच्या ऑफिसात पत्रं लिहिली तीही इंग्रजीतच. पण चीफ या शहराबद्दल मराठीतच बोलायचे. ते इंग्रजीत घालून पाहिलं, तर नुसती माहिती उरते आणि चीफ निघून जातात. अडलं तर बाबांना विचारा.

चीफ इथे सेम्बावांग या उपनगरातल्या आमच्या ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर राहायचे. मूळ पुण्याचे. उमेदीची सगळी वर्षं मालवाहू जहाजांवर गेली, चीफ इंजिनिअर होऊन उतरले, मग इथे जहाजदुरुस्तीच्या कामात होते आणि इथेच निवृत्त झाले. त्यांना सगळेच चीफ म्हणायचे. आम्ही मराठी माणसं, खालच्या कॉफीशॉपमधली चिनी आंटी, लिफ्ट दुरुस्त करायला येणारा तमिळ माणूस, सगळे. त्यांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. वहिनीसुद्धा चारचौघांत त्यांना चीफच म्हणायच्या, आणि रागावल्या की "अहो".

आता ते घड्याळ. चीफच्या हॉलमध्ये भिंतीवर जे घड्याळ होतं त्याला एकच काटा होता, तासाचा. मिनिटकाटा त्यांनी स्वतः पकडीने काढून टाकला होता. मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाले, "रुआँच्या मोठ्या घड्याळाला एकच काटा आहे. त्याच्या टोकाला मेंढीचं कोकरू. गावाचं चारशे-पाचशे वर्षं त्यावर भागलं. मिनिटं जहाजाला लागतात, बाई, माणसाला तास पुरतो." मी घड्याळ लावून जेवणारी बाई. त्यांना सातला जेवायला बोलवावं, तर साडेसहालाही येत आणि पावणेआठलाही, आणि दोन्ही वेळा भिंतीकडे बोट दाखवून म्हणत, "सातच वाजलेत." तुमचे आजोबा यावर अजून हसतात. वाढून ठेवलेल्या ताटांवर झाकणं ठेवायचं काम माझं असल्यामुळे मला तेव्हा हसू येत नसे.

रुआँ हे चीफचं वेड. तरुणपणी, ज्युनिअर इंजिनिअर असताना, त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी तिथल्या बंदरात अडकलं होतं. समुद्रापासून इतकं आत, नदीवर, एवढं मोठं बंदर असेल असं तुम्हाला वाटणार नाही, पण आहे. तेवढ्या मुक्कामात त्यांनी ते शहर पायाखाली घातलं आणि पुढे जगभर फिरूनही दुसऱ्या कुठल्या शहराचं नाव घेतलं नाही. रॉटरडॅम? "क्रेन चांगल्या आहेत." व्हेनिस? "ओल फार." त्यांच्या लेखी जगात पाहण्यासारखं एकच गाव होतं आणि ते आम्हाला दाखवणं हे त्यांचं काम होतं.

आणि ते दाखवायचेही, दर शनिवारी सकाळी, सेम्बावांगमध्ये.

आमच्या ब्लॉकमागे पावसाचं पाणी वाहून नेणारा सिमेंटचा रुंद नाला आहे. ती सीन नदी. सगळ्यांनी नाल्याकडे पाठ करून उभं राहायचं, कारण "शहरात शिरायचं ते नदीकडून, मागच्या दारानं नाही." तिथून छपराच्या पायवाटेनं निघायचं. ही मोठ्या घड्याळाची गल्ली. दोन्ही बाजूंना लाकडी चौकटींची घरं आहेत, वय झाल्यामुळे एकमेकांच्या खांद्यावर रेललेली, असं समजायचं. कॉफीशॉप हा जुना बाजारचौक. पॉलिक्लिनिक म्हणजे प्लेगच्या काळातली दफनभूमी, जिथे लाकडी तुळयांवर कवट्या आणि हाडं कोरली आहेत. ही तुलना डॉक्टरांना आवडली नसती. आणि सात मजली कारपार्क, ते कॅथीड्रल. त्याला उजव्या हाताला ठेवून पूर्ण प्रदक्षिणा घालायची, देवळाला घालतात तशी. प्रदक्षिणा झाली की चीफ प्रवेशाच्या अडथळ्याशी येऊन थांबायचे आणि म्हणायचे, "झालं. इथे फेरी संपली." आत गाड्या होत्या, त्यामुळे आत का जायचं नाही असं कुणी कधी विचारलं नाही.

फेरीला कोण असे? पुण्या-मुंबईहून नव्यानं आलेली आयटीतली मुलं, त्यांच्या बायका, कुणाचे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील, मी, आणि चीफच्या दंडाला धरून वहिनी. कॉफीशॉपची आंटी आम्हाला पाहिलं की ओरडायची, "चीफ आह! टुडे ऑल्सो फ्रान्स?"

"एव्हरी सॅटर्डे फ्रान्स."

"फ्रान्स सो हॉट, लाह!"

पण त्याच कॉफीशॉपपाशी एक मिनिट असं यायचं की आंटीसुद्धा रेडिओ बारीक करायची. जुन्या बाजारचौकात एका मुलीला जिवंत जाळलं होतं. चीफ तिचं नाव घेत नसत, संत, वीरांगना असल्या तिच्या पदव्या सांगत नसत. एवढंच म्हणत, "एकोणीस वर्षांची होती. आधी हातातली कॉफी खाली ठेवा." आम्ही ठेवायचो. मग ते पुढे चालू लागायचे.

कारपार्कचा उजवीकडचा जिना हा लोण्याचा मनोरा. या मनोऱ्याची गोष्ट त्यांना फार आवडायची. कॅथीड्रलच्या दोन मनोऱ्यांपैकी हा एक, आणि तो लोकांच्या लोण्यावर उभा राहिला असं म्हणतात. ईस्टरच्या आधीच्या उपवासात लोणी वर्ज्य होतं. ज्यांना सोसवत नव्हतं त्यांनी चर्चला दान द्यावं, लोणी खायची मोकळीक घ्यावी, आणि त्या दानातून मनोरा. हे ऐकून एकदा एक नवी आलेली मुलगी पटकन म्हणाली, "म्हणजे आपली उपवासाची साबुदाणा खिचडी!"

"अगदी बरोबर," चीफ म्हणाले. "फरक एवढाच, आपण खिचडी खाऊन वर हात धुऊन मोकळे होतो. खिचडीमागे एकेक दगड रचला असता ना, तर पुण्यात ऊन पडलं नसतं."

मनोऱ्यांच्या मधलं उंच टोक मात्र दगडाचं नाही, ओतीव लोखंडाचं आहे, आणि त्याच्याबद्दल बोलताना चीफ इंजिनिअर व्हायचे. सांधे, वजन, गंज. आम्ही मान डोलवायचो. वहिनी म्हणायच्या, "चीफ, लोखंड पुरे, उन्हं चढली."

वहिनींना काचबिंदू होता. पहिल्यांदा कळलं तेव्हाच एक डोळा बराच गेलेला होता. दुसऱ्याचं दिसणं कडांकडून आत येत चाललं होतं. "नळीतून बघितल्यासारखं," त्या सांगायच्या. "तुमचं नाक दिसतं, बाई, पण मग कान शोधावे लागतात." औषधानं वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. एका दुपारी त्या माझ्याकडे आल्या, भिंतीला हात लावत लावत, आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "मला ते गाव बघायचंय. सगळं जायच्या आत."

"मग जा की. चीफना सांगा."

"चार वर्षं सांगतेय. एप्रिल म्हटलं तर म्हणतात पाऊस असतो. सप्टेंबर म्हटलं तर मनोऱ्याला परांची बांधलेली असते. डिसेंबर म्हटलं तर म्हणतात धुक्यात काय दिसणार. अहो, मला उन्हातच काय दिसतंय?" मग त्यांनी पर्समधून दोघांचे पासपोर्ट काढून माझ्या टेबलावर ठेवले. "तुम्ही काढा तिकिटं. तुमचं कधी चुकत नाही."

मी तिकिटं काढली, हॉटेल ठरवलं, विम्याचे कागद पारदर्शक पाकिटात घातले. तुमच्या आजोबांचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, म्हणून वहिनींच्या सोबतीला मी एकटीच जाणार होते. चीफना तारीख सांगितली तेव्हा मला वाटलं होतं आनंदानं उडी मारतील. ते म्हणाले, "बरं." त्या शनिवारी त्यांनी फेरीत कारपार्कला दोन प्रदक्षिणा घातल्या.

पॅरिसहून आगगाडीनं आम्ही रुआँला उतरलो, आणि पहिलीच अडचण उभी राहिली. स्टेशन शहराच्या वरच्या अंगाला आहे. चीफ दारात उभे, आणि ज्या माणसाला हे शहर दगड न् दगड पाठ, त्याला डावीकडे जायचं की उजवीकडे ते कळेना. "मी नेहमी नदीकडून येतो," ते म्हणाले. 'नेहमी' हा शब्द मला त्या क्षणी फार आवडला. टॅक्सी करून आम्ही आधी नदीवर गेलो. तिथे त्यांनी पाण्याकडे पाठ केली, दंड पुढे केला, वहिनींनी तो धरला, आणि मग एक पाऊलही चुकलं नाही.

रविवार होता. वहिनी सगळं तुकड्या-तुकड्यानं बघत होत्या. मोठ्या घड्याळाखाली त्यांनी आधी कोकरू शोधलं, तिथून काट्यावरून सरकत मध्यावर आल्या, मग हळूहळू कडेची नक्षी. आमच्या मागे माणसं खोळंबली. चीफ सगळ्यांना वाट देत होते आणि घाई करत नव्हते. एवढा वेळ एका घड्याळापुढे मी आयुष्यात उभी राहिले नव्हते. बाजारचौकात चीफच्या वेळी नसलेलं एक नवं चर्च होतं, होडी उलटी घातल्यासारख्या छपराचं. चीफनी त्याच्याकडे जहाजाचा तळ तपासावा तसं पाहिलं आणि "चालेल" म्हणाले. मग जिथे तिला जाळलं तिथे आम्ही तिघं उभे राहिलो. आमच्या हातात कॉफी नव्हती.

कॅथीड्रल उजव्या हाताला ठेवून आम्ही प्रदक्षिणा घातली. खरोखरीचं कॅथीड्रल कारपार्कपेक्षा पुष्कळ मोठं असतं, मुलांनो. लोण्याच्या मनोऱ्याखालून परत दारासमोर आलो तेव्हा वहिनी दमल्या होत्या. चीफ थांबले. "झालं," ते म्हणाले.

"आता आत," वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही दोघी जाऊन या. मी इथे आहे."

"मला पायरी दिसत नाही."

"बाईंचा हात धर."

"एवढी वर्षं तुमच्या तोंडून ऐकलं, ते बाईंचा हात धरून बघायला?" त्यांचा आवाज चढला. "अहो, पुढच्या वर्षी मला हे दार तरी दिसेल का? आत काय आहे ते तुम्ही एकदाही सांगितलं नाहीत. मी म्हटलं, मुद्दाम राखून ठेवलं असेल माझ्यासाठी."

मी चार पावलं बाजूला झाले. पण चीफ मोठ्यानंच बोलत, जहाजावरची सवय, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. ते दाराशेजारच्या दगडी कठड्यावर बसले आणि म्हणाले, "मी आत गेलेलोच नाही."

त्यांनी सांगितलं ते असं. जहाज दुरुस्तीला लागलं त्याच दिवशी कंपनीच्या एजंटनं त्यांच्या हातात तार ठेवली होती. वडील गेले होते. ते थोरले. परत जायला विमानाची परवानगी नाही, दुसरा इंजिनिअर नाही. बंदरात काम नसेल तेव्हा ते शहरात चालायचे. सुतक होतं, म्हणून देवाच्या दारात पाऊल टाकायचं नाही. देव कुणाचाही असो. गावात पावलागणिक चर्च. म्हणून ते प्रत्येकाभोवती बाहेरून फिरायचे, दगड बघायचे, लोखंड बघायचे, आणि परत जहाजावर. "नऊ दिवस," ते म्हणाले. "नवव्या दिवशी जहाज सुटलं. दहावा दिवस समुद्रात गेला. ना मुंडण, ना पिंड. मग माझ्यापुरतं ते संपलं कधी? मला ते कधी संपल्यासारखं वाटलंच नाही. बाकीच्या देवळात जातो मी, तुला माहीत आहे. पण या दारात आलो की मी पुन्हा तोच."

वहिनींनी चाचपडत कठडा शोधला. मग म्हणाल्या, "चाळीस-चाळीस वर्षांचं सुतक असतं का कुठे?"

"हसू नको."

"हसत नाहीये. तुम्ही नऊ दिवस मोजलेत. दहावा आम्ही मोजला. ऐका आता." आणि त्या त्यांच्या शेजारी बसल्या. "त्या दिवशी घाटावर कावळा शिवेना. दोन तास. भावजींनी सगळं बोलून पाहिलं. आईला सांभाळीन म्हणाले, घर राखीन म्हणाले, धाकटीचं लग्न करीन म्हणाले. कावळे झाडावर बसलेले, एकही खाली उतरेना. शेवटी भावजी म्हणाले, दादा तिकडे सुखरूप आहे, त्याची काळजी करू नका, तो आला नाही म्हणून मनात काही ठेवू नका. म्हणायचा अवकाश, दोन कावळे एकदम उतरले. भावजींनी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. मी उंबऱ्यात उभी होते."

"मला हे कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही परत आलात ते हे गाव घेऊनच आलात. मामंजींचं नाव काढलं की घड्याळ, मनोरा, लोणी. मला वाटलं, तुम्हाला ते बोलायचं नाही. मी नाही बोलले." मग त्यांनी हात पुढे केला. "उठा. मला पायरी दिसत नाही."

चीफ उठले.

दारात वहिनी वाकल्या आणि सवयीनं बुटांच्या नाड्या सोडू लागल्या. चीफनीही सोडल्या. आतल्या एका बाईनं हातवारे करून सांगितलं, काढायची गरज नाही. दोघांनी तिच्याकडे पाहून मान हलवली, बूट हातात घेतले आणि मोज्यांनी त्या थंड दगडावरून आत गेले. मी माझे बूट घालूनच त्यांच्या मागोमाग आत गेले.

शनिवारी तासभर अखंड बोलणारा माणूस, मान वर करून नुसता उभा. तेव्हा वहिनी बोलू लागल्या, आपल्या नळीतून जे दिसेल ते.

"खांब आहे. वर चाललाय. अजून चाललाय. अहो, हा संपतच नाही. हां, संपला." मग, "निळी काच. मोरपिशी नाही हो, दौतीतल्या शाईसारखी." मग डावीकडे एक दगडी जिना सापडला, जाळीच्या कामाचा, तो त्यांनी पायरी-पायरीनं वर नेला. पुढे गेल्यावर म्हणाल्या, "इथे कुणीतरी झोपलंय." तो दगडात कोरलेला राजा होता. मी पाटी वाचून सांगितलं, एका इंग्रज राजाचं फक्त हृदय इथे पुरलं आहे.

"बाकीचा कुठे?"

"दुसऱ्या गावी."

"अरे देवा," वहिनी म्हणाल्या, "म्हणजे सुतक किती गावांनी पाळलं असेल!"

चीफ हसले. त्या शांत जागेत ते इतक्या मोठ्यानं हसले की दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं. हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसतच राहिले. मग दोघं मधल्या खुर्च्यांवर बसले, बूट पायाशी ठेवून. किती वेळ बसले ते मी पाहिलं नाही. माझ्या बाबतीत हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

परत आल्यावर शनिवारची फेरी नेहमीसारखीच होत राहिली. आंटीही तेच ओरडायची. कारपार्कच्या तोंडाशी आल्यावर मात्र चीफ बाजूला व्हायचे आणि आतलं वहिनी सांगायच्या. चीफ प्रत्येक वेळी नव्यानं ऐकत असल्यासारखे ऐकायचे. असं दोन वर्षं चाललं. मग एका पहाटे झोपेतच ते गेले. अस्थी कुठे न्यायच्या यावर त्यांनी काही लिहून ठेवलं नव्हतं. वहिनींनी पुण्याला नेल्या, चीफच्या वडिलांचं झालं त्याच घाटावर. तिथे दहाव्याला किती वेळ लागला असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "लगेच."

तर तुमच्या पाच जागा. मला त्या निवडता येत नाहीत, मुलांनो, मी प्रयत्न केला. गाडी नदीजवळ लावा आणि चालत या. घड्याळाखाली तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ थांबा. कॅथीड्रलला वळसा घाला, आणि पाय दुखत असले तरी आत जा.

चीफ आता नाहीत, आणि फेरीतली मुलं जुरोंग ईस्टला, हौगांगला, अशी शहरभर पांगली. वहिनी आहेत. चौथ्या मजल्यावरच असतात. त्यांना आता उजेड आणि अंधार यापलीकडे काही दिसत नाही, पण त्या रविवारी आत काय काय होतं ते सगळं त्यांना क्रमानं आठवतं. नंबर पत्राच्या मागे लिहिला आहे. आमच्या इथल्या दुपारी चारनंतर करा, आणि फोन बराच वेळ वाजू द्या. त्या उचलतात.

तुमची आजी